राई उघडी पडली तो हंगाम

माघ लागला की गावात ओट्याओट्यांवर कोयत्यांना धार लावणं सुरू होतं. दगडावर पाणी शिंपडायचं आणि पातं घासत बसायचं. आज सकाळी शेजारी तो आवाज सुरू झाला आणि चुलीपुढे बसल्या बसल्या मी दचकले. दहा वर्षं होऊन गेली. दोन पोरांची आई झाले, कोठीची चावी माझ्या कमरेला आली, पण हे दचकणं काही जात नाही. मग लगेच आठवतं, अगं बये, ते सगळं निभावलं की! आणि मी तव्यावरची भाकरी उलटते. दरवर्षी माघात माझं असं एकदा घाबरणं आणि एकदा सुटणं होतं. खरं सांगायचं तर त्या सुटण्यासाठीच मी या आवाजाची वाट बघत असेन.

हा हंगाम राबाचा. ज्यांनी भात नुसता खाल्लाय, कधी लावलेला नाही, त्यांच्यासाठी सांगते. ज्या तुकड्यात भाताचं बी टाकायचं तो तुकडा आधी भाजून घ्यावा लागतो. शेणाचा थर, त्यावर टहाळ, म्हणजे झाडांच्या पानांसकट फांद्या, त्यावर गवत, वर मातीचा हात, आणि उन्हाळ्यात त्याला आग. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने येतं, ते मग पावसात उपटून आवणीला चिखलात लावायचं. टहाळ आणायचा तो डोंगरावरून, ऐनाचा नाहीतर किंजळीचा. पुरुषांनी झाडावर चढून तोडायचा, बायांनी भारे डोक्यावर घेऊन उतरायचं. त्या दिवसांत सगळ्या गावाच्या केसांत पाचोळा असतो आणि कुणी कुणाला हसत नाही.

मी पालीकडची. वडील तिथे शाळामास्तर, त्यामुळे मला लिहिता-वाचता येतं आणि जीभही जरा लांब आहे. यातली दुसरी गोष्ट सासरी आधी कळली. लग्न होऊन रेवदंड्याजवळच्या या गावात आले तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. बैलगाडी वळणावर आली आणि तो एकदम समोर दिसला, तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? एवढी सपाट जमीन, आणि कुणी काही पेरलेलं कसं नाही! हे मी पुढे एकदा यांना सांगितलं, तर त्यांनी ते मुंबईला गिरणीतल्या सगळ्या दोस्तांना सांगितलं. अजून ते दोस्त गणपतीला आले की मला विचारतात, काय वहिनी, यंदा समुद्रात काय लावलंत?

समुद्र आणि आमची शेतं यांच्यामध्ये एक बुटकी टेकडी आहे. तिच्यावर जाखमातेची राई. उंडीची जुनी, दांडगी झाडं, वाऱ्याने सगळी गावाच्या अंगाला कललेली. ही झाडं कधी निष्पर्ण होत नाहीत, शिमग्यातसुद्धा काळीभोर हिरवी. आणि त्यांच्या खाली झुडपांची अशी दाटी, की माणसाने वाकूनच आत शिरावं. करवंद, तोरण, अंजनी, निरगुडी, आणि त्या सगळ्यांना एकत्र बांधून टाकणाऱ्या वेली. खाली पायाच्या घोट्यापर्यंत पाचोळा. त्यात सातभाई पक्षी दिवसभर उकराउकर करत आणि आपसात भांडत असायचे. बाहेर वाऱ्याने पदर डोक्यावर टिकत नाही, पण आत देवीपुढे लावलेल्या दिव्याची वातही हलत नाही. त्या दिव्यात तेल उंडीच्याच बियांचं, उंडेल. कडू वासाचं, जाड. पहिल्यांदा मी नाकाला पदर लावला होता. आता तो वास आला की बरं वाटतं.

या राईची राखण माझ्या सासऱ्यांकडे. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. राखण म्हणजे काही मिळकत नव्हे. गुरं हाकलायची, कोयता आत जाऊ द्यायचा नाही, दिवा लावायचा. त्याबदल्यात शिमग्याला देवीपुढचा पहिला नारळ आबांच्या हातून फुटायचा. आमची शेतं खोताची, घराखालची जागासुद्धा खोताची. 'हे आमच्याकडे आहे' असं आबांनी ज्याकडे बोट दाखवून म्हणावं अशी ही एवढी राईच, आणि तीही देवीची. त्यांच्या वडिलांनी राखली, आजोबांनी राखली. रस्त्यात कुणी अनोळखी भेटला आणि त्याने विचारलं, तुम्ही कोण, तर आबा नाव सांगायच्या आधी म्हणायचे, "मी राईवाला."

तर अशा घरात मी सोळाव्या वर्षी आले आणि पहिल्याच माघात त्यांची राई कापून ठेवली.

झालं असं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, नणंदेच्या बाळंतपणाला चौलला गेलेल्या. आबांना हिवताप, घोंगडीखाली कुडकुडत पडलेले. हे मुंबईला. घरात धड उभी अशी मी एकटी. शेजारपाजारच्या राबावर टहाळाचे ढीग चढायला लागले आणि आमचा तुकडा उघडाबोडका. नव्या सुनेला याचं किती वाटतं, ते नवी सून झाल्याशिवाय कळायचं नाही. डोंगर लांब, मला झाडावर चढता येईना. तेव्हा मला आमच्या गावची देवराई आठवली. तिथे माघातल्या जत्रेआधी सगळ्या बाया कोयते घेऊन देवराईत जातात आणि झाडांखालचा झाडोरा काढून जमीन अंगणासारखी लखलखीत करतात. झाडाला हात लावायचा नाही, खालचं मात्र साफ करायचं. ती देवाची सेवाच समजतात. मी लहानपणापासून आईबरोबर जात होते. म्हटलं, इथल्या बिचाऱ्या देवीची सेवा कुणी केलेली दिसत नाही. देवीचं अंगण होईल, आपला राब होईल. एका दगडात दोन पक्षी.

चार दिवस मी राईत कोयता चालवला. खोटं कशाला बोलू, ते चार दिवस फार सुखाचे होते. करवंदी फुलल्या होत्या, त्या पांढऱ्या फुलांचा वास हाताला लागायचा. फांदी तोडली की पांढरा चीक बोटांना चिकटायचा. सातभाई माझ्या नावाने ओरडत होते, आणि मला वाटत होतं गातायत. एकाही झाडाला मी कोयता लागू दिला नाही. रोज आधी देवीला हात जोडत होते. तिसऱ्या दिवशी समुद्राच्या बाजूची जाळी पडली आणि उजेड आत आला. इतकी वर्षं काळोखात बसलेल्या देवीला आता समुद्र दिसायला लागला, याचं मला कोण कौतुक!

पाचव्या दिवशी आत्या परत आल्या. अंगणात रचलेले भारे बघून त्यांनी आधी तोंडभर हसून घेतलं, आणि मग एका भाऱ्याला हात लावून तो झटकन मागे घेतला.

"ही करवंदीची काटी कुनी आनली गो?"

"मी."

"राबात काटी घालत्यात? पाला जळतो, काटा ऱ्हातो. आवनीला चिखलात पाय घातलास की कलंल. कुठनं आनलीस?"

मी मोठ्या ऐटीत राईकडे बोट केलं, आता देवीला समुद्र दिसतो, असंही सांगितलं. आत्या पायरीवर बसल्या. ओरडल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्या बघण्यानेच माझी ऐट उतरली. मग हळूच म्हणाल्या, "आज आबांना काय सांगू नको. ताप हाय त्यांना. आनि ही काटी जिथनं आनलीस तिथंच नेऊन टाक."

दोन दिवस मी त्या काटेरी फांद्या परत वर वाहिल्या. देवीने सुद्धा बघितलं असेल आणि तोंड फिरवलं असेल. जिथे जमीन फार उघडी दिसत होती तिथे त्या ढिगाने टाकल्या. त्यात काही शहाणपण नव्हतं. आपण केलेलं झाकावं, एवढंच.

आबांचा ताप उतरला तसे ते काठी टेकत राईत गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे. ते मधोमध उभे राहिले. समुद्रावरचा वारा सरळ आत येत होता आणि पाचोळा त्यांच्या पायांवरून गावाच्या दिशेने पळत होता. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून मी मान खाली घालून उभी. ते एवढंच म्हणाले, "वारा खालनं शिरला." आणि पाणी न पिता खाली उतरले.

बाकीचं मला पुढच्या महिन्यांत तुकड्यातुकड्यांनी कळलं, तेही मी विचारलं म्हणून. पालीकडे डोंगराची माती खोल आहे, वाऱ्यात मीठ नाही. तिथे खालचं साफ केलेलं चालून जातं. इथे रेताड जमीन आणि खारा वारा. मोठी झाडं वरचा वारा सोसतात, खालचा वारा झुडपं अडवतात. "कुडाबिगर घर आसतंय का?" आबांनी विचारलं होतं. झुडपं असली तर पाचोळा जागेवर राहतो, पाचोळा राहिला तर ओल राहते. आणि उंडीचं फळ खाली पडून रुजतं ते करवंदीच्या जाळीत. तिथे ऊन लागत नाही, गुरांचा खूर पोचत नाही. "करवंदीच्या पोटात उंडी वाढती," असं ते म्हणाले. तीन-चार वर्षांनी ती जाळीच्या वर डोकं काढते, आणि मग तिला कुणाची गरज लागत नाही. जुनी झाडं म्हातारी होत चालली होती आणि आबा कितीतरी वर्षं त्या जाळ्यांमधून बोटभर रोपं जपत होते. मी निरगुडीबरोबर ती कापली होती, नाहीतर तुडवली होती. मला ती दिसलीसुद्धा नव्हती.

हे सगळं त्यांनी पोराला पाढे शिकवावेत तसं शांतपणे सांगितलं. रागाचा एक शब्द नाही.

शिमग्याला मुंबईची माणसं गावी आली आणि गावकी बसली. आम्ही बाया देवळाच्या मागच्या अंगाला. गावातले सगळ्यात जाणते धर्माबाबा. माणूस वाईट नव्हे, आबांचे बाळपणचे सोबती. पण त्या दिवशी त्यांना विचारणं भागच होतं.

"आबा, राई कुनी कापली?"

"माझ्या घरानं," आबा म्हणाले.

'सुनेनं' म्हणाले असते तर चाललं असतं. नवी आहे, परगावची आहे, कळलं नाही तिला, असं म्हणून लोकांनी मला चार शब्द ऐकवले असते आणि विषय मिटला असता. ते 'माझ्या घरानं' म्हणाले. मी तोंडात पदर कोंबला.

धर्माबाबांनी बसलेल्यांकडे एकवार बघून घेतलं. मग म्हणाले, "गनपतीला फिरून बसू. तवर राईत उंडीचं जित्तं रोप दिसलं, तर राखन तुझ्याकडंच. न्हाय दिसलं तर दुसऱ्या घराकडं द्यावी लागंल. गावाच्या शेतांचं कवाड हाय ते, आबा."

आबांनी मान हलवली. पहिला नारळ त्या वर्षी धर्माबाबांनी फोडला. हे आगबोटीला निघताना मला म्हणाले, "रडू नको. आबा बोलत न्हाईत म्हंजे रागावले न्हाईत." हे स्वतः बापाच्या नजरेला नजर देत नव्हते, तेव्हा त्या बोलण्यावर मी किती विश्वास ठेवायचा ते ठरवून टाकलं.

चैत्र-वैशाखातला तो वारा मी विसरणार नाही. एरवी राईपाशी अडायचा तो आता थेट परसात येऊन भाजीची पानं करपवून जायचा. जेवताना दाताखाली रेती. आणि त्याच्याबरोबर रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, जो आधी वर्षातून चारदा यायचा, तो मुक्कामालाच आला. शेजारणी काही बोलत नव्हत्या, पण नाक मुरडून माझ्याकडे बघत होत्या. आबा रोज दोन वेळा वर जायचे. गुरं हाकलायचे, शेळ्या हाकलायचे. शेळी ही अशी वस्तू आहे की तिला कडू पानही एकदा चाखून बघायचंच असतं. मी कामं उरकून त्यांच्या मागे जायची. ते मला झाडांची नावं सांगायचे, कुठलं झुडूप कशाला सावली देतं ते सांगायचे. एवढं माझ्याशी माहेरीही कुणी बोललं नसेल. आणि त्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट ते कधी बोलले नाहीत, माझ्या कोयत्याची. जेवायला बसले की भाकरीचे तुकडे करून ताटात ठेवायचे आणि उठायचे.

आत्या मला दोनदा बोलल्या, चांगल्या कडकडून. आईने मारलं की पोराला भूक लागते, तशी मला त्यानंतर झोप लागली. आबांचं मात्र काही कळत नव्हतं. मला वाटायचं, या माणसाने मला मनातून काढून टाकलंय. परक्याच्या पोरीशी गोड बोलतात तसं हे बोलणं आहे. सोळाव्या वर्षी एवढंच सुचतं.

ज्येष्ठात वादळ आलं आणि समुद्राच्या कडेची एक उंडी मुळासकट आडवी झाली. आबा तिच्याजवळ जाऊन बसले, मयताच्या घरी बसतात तसे. मग पाऊस लागला, पेरणी, आवणी, आणि आबांखेरीज राईत जायला कुणाला सवड उरली नाही. करवंदीच्या बुंध्यांना कोवळे फुटवे आले होते, पण उंडीचं रोप म्हणावं असं काही आबांना उघड्या जमिनीवर दिसलं नव्हतं. पावसाने उरलासुरला पाचोळाही वाहून नेला होता. श्रावण संपत आला तसे ते वर जायचे बंदच झाले. ओट्यावर बसून सुंभ वळत बसायचे. राखण गेल्यावर हे म्हातारं काय करील, असं आत्या एकदा स्वतःशीच पुटपुटल्या आणि मी ऐकलं.

गौरी यायच्या आदल्या सकाळी आत्यांनी मला कळलावीची फुलं आणायला पाठवलं. आमच्याकडे गौरीला ती लागतातच, लाल-पिवळी, ज्वाळेसारखी वळलेली. ती राईत मिळतील असं त्या म्हणाल्या. मला तिकडे जायचा धीर नव्हता, पण सणाच्या कामाला नाही कोण म्हणणार? गेले. कळलावीचा वेल चढला होता तो नेमका मी टाकलेल्या काट्यांच्या एका ढिगावर. फांद्या वाळून काळ्या झालेल्या, काटे मात्र जसेच्या तसे. फूल आतल्या बाजूला होतं. मी एक फांदी उचलून हात घातला आणि हाताला गार, ओला पाचोळा लागला. सगळी टेकडी धुऊन गेली होती आणि इथे पाचोळा होता. त्या पाचोळ्यातून चार-पाच रोपं वर आली होती. जाड, चकचकीत पानं, त्यांवर बारीक बारीक रेघा. सगळा उन्हाळा मी आबांच्या मागे हिंडले होते. मला ती ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही.

दुसरा ढीग उचलला. तिथेही. तिसऱ्यात तर गर्दीच. काट्यांनी ऊन अडवलं होतं, खूर अडवले होते, पाचोळा धरून ठेवला होता. करवंदीने जिवंतपणी जे केलं असतं तेच तिने मेल्यावर केलं. मी टेकडीच्या टोकावर जाऊन घराकडे तोंड करून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. गावात लोकांना वाटलं मला पान लागलं, म्हणजे साप चावला.

आबा आले. धावले नाहीत, काठी टेकत आले, पण वाटेत एकदाही थांबले नाहीत. ढिगापाशी गुडघे टेकून त्यांनी काटे हाताने बाजूला केले. मनगटावर ओरखडे उठले. बघितलं. बराच वेळ बघितलं. मग घाईघाईने फांद्या पुन्हा जागेवर ठेवत म्हणाले, "झाक, झाक. ऊन लागंल." मी दुसऱ्या बाजूने फांद्या ओढून घेतल्या.  मी फुलं तिथेच विसरले आणि आत्यांनी मला पुन्हा पाठवलं.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी गावकी वर आली. धर्माबाबा वाकले, काट्यांत डोकावले आणि मोठ्याने हसले. "आबा, हिनं जाळी कापली ती कापली, पर पांघरून घालून गेली रं!" म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. राखण आबांकडेच राहिली. तेव्हापासून गावात कुणी आपल्या कुंपणाची करवंद छाटली, की त्या फांद्या राईत आणून टाकतो, आणि ही पद्धत फार जुनी आहे असं आताची पोरं समजतात. मी त्यांना काही सांगत नाही.

त्या दुपारी घरी सगळे जेवायला बसले. मी वाढत होते. हे गणपतीला आलेले, तेही खुशीत, आत्या खुशीत. आबांनी पहिला घास उचलला, परत ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आणि मग त्यांचं तोंड सुटलं.

"डोळे व्हते का गारगोट्या? कोयता दिसला की हात शिवशिवतो काय तुझा? कुनाला विचारलंस? घरात म्हातारा जित्ता पडला व्हता न्हवं, घोंगडी वर करून विचारायला काय झालं व्हतं? माझ्या आज्यानं राखली, बापानं राखली, आनि ही मास्तराची लेक चार दिसांत साफ करून मोकळी! म्हनं देवीला समिंदर दाखवला! देवीनं कंदी सांगितलं व्हतं तुला, मला समिंदर बघायचाय म्हनून? सा म्हयने माझ्या डोळ्याला डोळा न्हाय..."

यांच्या हातातला घास हातातच राहिला. आत्या "अवो, सनाचं..." म्हणाल्या तर त्यांनाही दोन शब्द मिळाले. आबा लाल झाले होते, आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. आणि मला एकदम कळलं. इतके महिने त्यांना रागावणं परवडत नव्हतं. जे कायमचं गेलं असं वाटतं, त्यावर माणूस रागावत नाही. राई त्यांना परत मिळाली होती, मी त्यांना परत मिळाले होते, आणि आता कुठे त्यांना माझा राग यायला लागला होता. मी भाताचं भांडं धरून तिथेच भिंतीला टेकले. डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्याच वेळी हसू आवरेना.

"हसतीस काय?" आबा गरजले.

"काही नाही आबा," मी म्हटलं. "अजून बोला."

आणि ते बोलले. ताट गार होईपर्यंत बोलले.